कर्ज बुडालं, संसार मोडला: आता देणं कुणाचं?



गटाच्या बैठकीत बचत, हप्ते, ठराव यावर आपण मोकळेपणानं बोलतो. एक विषय मात्र बैठक संपल्यावर, सतरंजी गुंडाळताना, हळू आवाजात निघतो. "नवऱ्यानं हात वर केलेत. देणेकरी दारात येतात. तो म्हणतो घटस्फोट घे, म्हणजे तू सुटशील. खरंच सुटेन का?" कुणी विचारतं, "कोर्टात पोटगी मागितली तर तो म्हणतो माझं दिवाळं निघालंय, कुठून देऊ? मग मला काहीच मिळणार नाही का?"

हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत. या महिन्याचा पाठ त्यावरच आहे. पाठ मोठा आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा. आधी दोन वाक्यं पाठ करून ठेवा, बाकीचा पाठ त्यांचाच खुलासा आहे.

पहिलं: नवऱ्याचं दिवाळं निघालं तरी बायको-मुलांची पोटगी बुडत नाही.
दुसरं: घटस्फोट झाला तरी कर्जाच्या कागदावरची आपली सही पुसली जात नाही.

आपल्या भागात हा प्रश्न का येतो

करंजा बंदरावरच्या घरांचा पैसा भरती-ओहोटीसारखा असतो. हंगामात हातात येतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद झाली की चूल उचलीवर चालते. बोटीचं इंजिन, जाळी, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळ्याला आधी पैसा लागतो. तो सोसायटी, बँक, दलाल, सोनं तारण आणि घरातल्या बाईचा गट अशा चार-पाच ठिकाणांहून येतो. एखादा हंगाम वाईट गेला की सगळे हप्ते एकदमच थकतात. उरण-पनवेल पट्ट्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळालेल्या घरांत कर्जाबरोबर जमिनीचा वादही असतो. कर्जानं भांडण, भांडणानं दारू, दारूनं मार, आणि शेवटी बाई माहेरी, अशी ही साखळी आपण पाहिलेली आहे.

संसार मोडताना बाई भांडी, मुलं आणि कपडे आठवणीनं घेऊन निघते. कर्जाचे कागद मात्र कुणालाच आठवत नाहीत. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा समजतं, आपण जामीनदार आहोत. विचारलं तर उत्तर एकच: "सही कर म्हनला, म्हनून केली."

दिवाळं निघालं म्हणजे नेमकं काय

बोलण्यात आपण सहज म्हणतो, अमक्याचं दिवाळं निघालं. कायद्यात त्याला नादारी म्हणतात आणि ती कुणी स्वतःच्या तोंडानं जाहीर करून होत नाही. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो.

मुंबई शहराबाहेर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यात, यासाठी 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, म्हणजे आपल्यासाठी अलिबागला जातो. कोर्टानं नादार ठरवलं की त्या माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं नेमलेल्या प्राप्तकर्त्याच्या ताब्यात जाते. ती विकून देणेकऱ्यांना वाटा दिला जातो. शेवटी कोर्टाला योग्य वाटलं तर उरलेल्या देण्यातून त्याची मुक्तता होते. मुक्तता होईपर्यंत नादार माणसानं, आपण नादार आहोत हे न सांगता, 50 रुपयांची उधारीसुद्धा केली तर तो गुन्हा आहे. कायदा 1920 चा, म्हणून रक्कम तेवढी लहान.

2016 साली नादारी व दिवाळखोरी संहिता हा नवा कायदा आला. पण त्यातला साध्या माणसांच्या कर्जाचा भाग अजून सर्वांना लागू झालेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. म्हणून गावपातळीवर जुनाच कायदा चालतो.

यातून एक कामाची गोष्ट लक्षात घ्या. "माझं दिवाळं निघालंय" असं कुणी सांगितलं तर विचारायचं, कोर्टाचा आदेश कुठे आहे? बहुतेक वेळा असा कागद नसतो. असतात फक्त थकलेले हप्ते.

नवरा नादार झाला, तर पोटगीचं काय

हा या पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग.

1920 च्या त्याच कायद्यात कलम 44 आहे. नादार माणूस देण्यातून मुक्त झाला तरी काही देणी त्याच्या अंगावर तशीच राहतात, असं ते सांगतं. सरकारी देणं राहतं. फसवणूक करून केलेलं देणं राहतं. आणि फौजदारी कायद्याखाली कोर्टानं ठरवलेली पोटगीही राहते. तेव्हा पोटगीचं कलम 488 होतं, पुढे ते 125 झालं, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. नंबर बदलले, हक्क तोच आहे. 2016 च्या नव्या संहितेतही पोटगीचं देणं असंच बाजूला काढून ठेवलं आहे, म्हणजे दिवाळखोरीच्या वाटेनं ते माफ होत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. गुजरातमधल्या एका प्रकरणात हिऱ्यांचा कारखाना असलेल्या पतीनं आपली कमाई पुरेशी नसल्याचं म्हटलं होतं. न्यायालयानं महिन्याची रक्कम कमी केली, पण थकबाकीबद्दल स्पष्ट सांगितलं: पोटगीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पतीच्या मालमत्तेवर थकलेल्या पोटगीचा हक्क बँकेसारख्या तारण घेतलेल्या देणेकऱ्याच्याही आधी आहे. बोट किंवा घर तारण आहे म्हणून तुमचा नंबर शेवटचा, असं कुणी म्हणालं तर वकिलांना या निकालाची आठवण द्या.

"मला कमाई नाही" हे उत्तर कोर्टात किती चालतं, त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात एका बाईनं स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगी मागितली. 2015 मध्ये न्यायालयानं तिला महिना 15,000 रुपये अंतरिम पोटगी दिली, तीही 1 सप्टेंबर 2013 पासून. मुलाला आधी 5,000 आणि 1 सप्टेंबर 2015 पासून 10,000 ठरवले. पती म्हणाला, सध्या मला काम नाही, नवा व्यवसाय शोधतो आहे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 नोव्हेंबर 2020 रोजी निकाल लागला. तो 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावानं ओळखला जातो. न्यायालयानं पोटगी कायम ठेवली आणि सगळी थकबाकी 12 आठवड्यांत द्यायला सांगितलं.

या निकालानं देशभरासाठी काही नियम घातले. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत.

- पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोघांनीही आपली मालमत्ता, कमाई आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यामुळे "माझ्याकडे काही नाही" हे नुसतं तोंडानं सांगून भागत नाही, लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते.
- पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. म्हणून अर्ज लांबवू नका.
- धडधाकट माणसाला "कमाई नाही" एवढं सांगून जबाबदारीतून सुटता येत नाही. मात्र कोर्ट त्याची खरी देणी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसंही पाहतं. खरोखर बुडालेल्या माणसाकडून मिळणारी रक्कम लहान असू शकते, याची तयारी ठेवा. हक्क बुडत नाही, रक्कम कमी-जास्त होते.

पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. समजा, महिना 6,000 ठरले आणि 10 महिने काहीच आलं नाही, तर 60,000 ची थकबाकी झाली. "येईल, देईल" म्हणत दोन वर्षं गेली, तर या मार्गानं जुन्या महिन्यांची वसुली अवघड होते. पोटगी न भरल्याबद्दल नवरा तुरुंगात गेला तरी देणं फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये सांगून ठेवलं आहे.

एक सावधगिरी बाळगा. पंचांपुढं स्टॅम्प पेपरवर "मी तुला इतके लाख देईन" असं लिहून घेतलं आणि कोर्टाचा आदेश घेतलाच नाही, तर ते साधं देणं समजलं जाण्याचा धोका असतो. उद्या तो नादार ठरला तर तुम्ही इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभ्या राहाल. पोटगी कोर्टाच्या आदेशानंच घ्या.

घटस्फोट झाला, तर कर्जाचं काय

आपल्याकडे घटस्फोटानं नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप अर्धी-अर्धी होत नाही आणि कर्जही होत नाही. (गोव्यात वेगळं आहे. तिथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक धरतात. गोव्यात दिलेल्या मुलींना हे सांगून ठेवा.) महाराष्ट्रात साधा नियम असा: ज्याच्या नावावर कर्ज, त्याचं देणं, आणि जो जामीन, तोही तितकाच बांधलेला.

एक उदाहरण सोडवून पाहू. हे कुणा एका घराचं नाही, पण ओळखीचं वाटेल. समजा, आपल्या गटातली एक ताई नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. घरात चार कर्जं आहेत.

*पहिलं कर्ज: बोटीच्या इंजिनासाठी 4 लाख. नवऱ्याच्या नावावर, ताई जामीनदार.*
करार अधिनियमाच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट ताईकडे येऊ शकते. घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवून ती सुटत नाही. आणि नीट ऐका: नवरा नादार ठरून देण्यातून मुक्त झाला, तरी जामीनदार मुक्त होत नाही. कलम 44 मध्येच तसं लिहिलं आहे. म्हणजे तो सुटतो आणि ती अडकते. मग तिनं काय करायचं? तिनं जे भरलं ते नवऱ्याकडून परत मागायचा हक्क तिला आहे. पावत्या जपायच्या. नादारीचा अर्ज चालू असेल तर तिथं आपला दावा नोंदवायचा.

*दुसरं कर्ज: गटातून 50,000. ताईच्या नावावर. पैसे जाळं घ्यायला नवऱ्याला दिले.*
गटाच्या लेखी कर्जदार ताईच आहे. पण गटाच्या ठराव पुस्तकात कर्जाचं कारण "नवऱ्याच्या बोटीसाठी जाळं" असं नोंदलेलं असेल, आणि पैसे खात्यातून खात्यात गेले असतील, तर पोटगीच्या दाव्यात ताई दाखवू शकते की हे ओझं तिनं घरासाठी उचललं. कारण "घरखर्च" एवढंच लिहिलेलं असेल तर ती काय दाखवणार? म्हणून सचिव ताईंनो, कर्जाचं कारण खरं आणि नीट लिहा.

*तिसरं कर्ज: दलालाकडून 1 लाख उचल. फक्त नवऱ्याच्या नावावर, ताईची सही नाही.*
हे ताईचं देणं नाही. बायको आहे म्हणून ती देणेकरी होत नाही. कुणी दारात येऊन धमकावलं तर 112 वर फोन करायचा. महाराष्ट्रात व्याजाचा धंदा करायला सावकारी परवाना लागतो. परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक (सहकारी संस्था) यांच्याकडे तक्रार करता येते. घाबरून "मी थोडे थोडे देईन" असं काही लिहून देऊ नका. आज नसलेलं देणं त्या कागदानं तुमचं होईल.

*चौथं कर्ज: ताईच्या अंगावरचं सोनं तारण ठेवून नवऱ्यानं घेतलेले 80,000.*
माहेरनं, सासरनं, नातेवाइकांनी तिला दिलेलं सोनं हे स्त्रीधन आहे. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. केरळमधल्या एका बाईचं 89 पवन सोनं (एक पवन म्हणजे 8 ग्रॅम) पती आणि सासूनं स्वतःची जुनी देणी भागवायला वापरलं. लग्न मोडलं, पण तिनं दावा सोडला नाही. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला 25 लाख रुपये द्यायचा आदेश दिला. न्यायालय म्हणालं, स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नाही, त्यावर पतीची मालकी नाही. त्यासाठी सोन्याची बिलं, लग्नातले फोटो, तारणाची पावती यांची झेरॉक्स माहेरी ठेवा.

याच नियमाचा फायदाही बघा. ताईची गटातली बचत, तिचं एकटीच्या नावाचं खातं, मासे विकून तिनं घेतलेली वस्तू, हे तिचं आहे. ती जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर नवऱ्याचे देणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. घरात जप्ती आली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईनं अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने जप्त करता येत नाहीत. तसंच कलम 56 प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कुठल्याही बाईला अटक करता येत नाही. "पोलिस तुला उचलून नेतील" ही वसुलीवाल्याची धमकी पोकळ आहे.

तडजोडीनं घटस्फोट घेताना होणारी चूक

संमतीच्या घटस्फोटात पुष्कळदा लिहितात, "बँकेचं कर्ज पती फेडील." वाचून बरं वाटतं. पण हा करार दोघांमधला आहे, बँक त्यात नाही. पतीनं फेडलं नाही तर बँक जामीनदार बाईकडे येणारच. म्हणून सही करण्याआधी बँकेकडून किंवा सोसायटीकडून लेखी घ्या की जामीनदार बदलला आहे किंवा कर्ज बेबाक झालं आहे. नुसत्या तोंडी "मॅडम, आम्ही बघतो" वर विसंबू नका.

दुसरं, पोटगीसाठी मालमत्तेवर बोजा मागा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 25 मध्ये कायमची पोटगी देताना पतीच्या स्थावर मालमत्तेवर तसा बोजा ठेवायची सोय आहे. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो तसाच आपलाही चढवता येतो.

तिसरं, घर किंवा भूखंड भावाच्या नावावर फुकट करून "माझं काहीच नाही" म्हणणारे असतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम 39 सांगतं की ज्या स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क आहे, ती फुकट दिली, किंवा घेणाऱ्याला तो हक्क माहीत होता, तर घेणाऱ्याकडूनही तो हक्क वसूल करता येतो. विक्री व्हायच्या आधीच कळलं तर कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, 2005 खाली राहतं घर विकायला, गहाण टाकायला मनाई हुकूम मागता येतो. संयुक्त खातं आणि लॉकर परस्पर वापरायलाही मनाई मिळते.

आणि एक सल्ला कधीच ऐकू नका: "कर्जातून वाचायला कागदावर घटस्फोट घेऊ, घर तुझ्या नावावर करू, राहू एकत्रच." नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत असं फुकट केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. म्हणजे घर जातं. आणि कागदावरचा घटस्फोट मात्र खराच ठरतो, कारण कोर्टाचा हुकूमनामा चेष्टेत होत नाही. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं तर तुम्ही कुठं दाद मागणार?

खरं की खोटं?

बैठकीत एकीनं वाचावं, बाकीच्यांनी हात वर करून उत्तर द्यावं.

1. नवऱ्याचं सगळं कर्ज बायकोला फेडावं लागतं. खोटं. सही असेल तरच.
2. घटस्फोट झाला की जामीन संपतो. खोटं.
3. नादार माणसाला पोटगी माफ होते. खोटं.
4. दिवाळं निघालं या एकाच कारणावर हिंदू विवाह अधिनियमाखाली घटस्फोट मिळतो. खोटं. छळ, सोडून जाणं अशी कारणं लागतात. मुस्लिम भगिनींना मात्र 1939 च्या कायद्याप्रमाणे पतीनं दोन वर्षं पोषण केलं नाही तर त्या कारणावर कोर्टातून विवाह संपवता येतो.
5. मायक्रोफायनान्सचा माणूस रात्री आठला वसुलीला येऊ शकतो. खोटं. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या घरच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त होतील असं कर्जही त्यांनी द्यायचं नाही.

अडचण आलीच तर कुठून सुरुवात करायची

- कर्जाची वही करा. चार रकाने: कुणाकडून, कुणाच्या नावावर, कुणाची सही, काय तारण. वर्षातून एकदा आपला पत अहवाल (सिबिलसारखा) फुकट मिळतो. तो काढा. आपल्या नावावर न आठवणारं कर्ज आहे का, ते त्यात दिसतं.
- कागद गोळा करा. सातबारा, घराचा नमुना 8, बोटीची नोंदणी, पासबुकं, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले. नमुना 8 वर नाव असणं चांगलं, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.
- फुकट वकील मागा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे कुठल्याही बाईला, तिची कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. फोन 15100. महिला मदतीसाठी 181.
- पोटगीचा अर्ज आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो. माहेरी राहत असाल तर तिथं. अर्जातच अंतरिम पोटगी मागा. शक्यतो 60 दिवसांत तिचा निर्णय व्हावा असं कायदा सांगतो.
- मारहाण, हाकलून देणं असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

गटानं काय करायचं

ताई अडचणीत आली की तिचा हप्ता थकतो. काही गटांत मग कुजबुज सुरू होते: "तिला काढा, आपला गट बँकेत खराब होईल." मैत्रिणींनो, नेमक्या त्या वेळी तिला गटाची सर्वात जास्त गरज असते. बँकेचा हप्ता थकू देऊ नये हे खरंच आहे. पण अंतर्गत कर्जाचे हप्ते लहान करून मुदत वाढवणं आपल्याच हातात आहे. तसा ठराव लिहा, तिची सही घ्या. तिचं पासबुक तिच्याच हातात राहील हे पाहा. नवरा गटात येऊन तिची बचत मागू लागला तर ती त्याला देऊ नका.

आणि आधीची काळजी नंतरच्या धावपळीपेक्षा स्वस्त पडते. कर्ज मंजूर करताना तीन प्रश्न विचारायची सवय लावू या: पैसा कशाला हवा? खर्च कोण करणार? त्यानं फेडलं नाही तर ताई कुठून फेडणार? हे प्रश्न संशयानं विचारायचे नाहीत. बोट समुद्रात जाण्याआधी आपण इंजिन तपासतो, तसंच हे. सहीच्या बाबतीत नियम एकच ठेवा: वाचून घेतल्याशिवाय सही नाही. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्यायचं, आणि प्रत मागून घ्यायची.

पुढच्या बैठकीसाठी चर्चा

1. आपल्या गटातल्या किती जणी कुणाच्या तरी कर्जाला जामीन आहेत? ज्यांना माहीत नाही त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत शोधून आणावं.
2. ठराव पुस्तकात मागच्या सहा महिन्यांत कर्जाची कारणं कशी लिहिली आहेत? खरी लिहिली आहेत का?
3. एखाद्या ताईचा संसार मोडला तर तिच्या अंतर्गत कर्जाला किती महिन्यांची सवलत द्यायची? आजच ठराव करून ठेवा, म्हणजे त्या दिवशी भांडण होणार नाही.

गृहपाठ: सगळ्यांनी घरी कर्जाची वही करून आणायची. एक पान पुरतं. पण ते पान घरातल्या कपाटात नवऱ्याच्या कागदांखाली ठेवू नका. तुमच्या गटाच्या पासबुकात ठेवा.